कॉन्व्हेंटातली मराठी शाळा

यंदाच्या अंकाचा विषय ‘शाळा’ असं संपादकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी लगेच म्हटलं, मला ख्रिस्ती शाळा द्या, आठवडाभर वर्गात बसून लिहिते. ते म्हणाले, “म्हणजे कॉन्व्हेंट ना? टाय, बूट, इंग्रजी वगैरे.” मी हो म्हटलं आणि तिथेच चुकले.

चूक कळली ती श्रीरामपूरकडे जाणाऱ्या एसटीत. वाटेत ‘कॉन्व्हेंट’ असं लिहिलेल्या पाट्या मोजू लागले. एकीवर सरस्वती होती, एकीवर गणपती, एकीवर संस्थापकांचा हात जोडलेला फोटो आणि खाली ‘सीबीएसई पॅटर्न’. सहा पाट्या झाल्या, पण क्रूस एकीवरही नव्हता. मूळ कॉन्व्हेंट म्हणजे धर्मभगिनींचं राहण्याचं घर. आपल्याकडे तो शब्द घरातून निघाला, शाळेत शिरला आणि शेवटी नुसत्या इंग्रजीला चिकटून बसला.

मी उतरले ते गाव नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर म्हणायचं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये पाटचारी. चर्चच्या आवारात धर्मभगिनींचं घर, म्हणजे खरंखुरं कॉन्व्हेंट. त्याला लागून कौलारू शाळा, पहिली ते चौथी, अनुदानित. माध्यम मराठी. शाळेचं नाव लिहू नका, असं मुख्याध्यापिका सिस्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. “नाव छापलं की दोन्हीकडून फोन येतात,” त्या म्हणाल्या. दोन्हीकडून म्हणजे कोणाकोणाकडून, ते मी विचारलं नाही.

तीन दिनविशेष

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५. आदल्या शनिवारी गणपती बोळवलेले, त्यामुळे निम्म्या मुलांच्या कानामागे गुलाल अजून होता. त्यात ख्रिस्ती पोरंही होती. “मंडळात नाचायला जातात,” तिसरी-चौथीच्या बाई म्हणाल्या, “आणि नाताळच्या गोठ्याला पेंढा सगळी आणतात.”

परिपाठ महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेसारखाच. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका. प्रार्थनेला वार वाटून दिलेले आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार ख्रिस्ती गीत. मंगळवारी आणि गुरुवारी साने गुरुजींची प्रार्थना. शनिवारी मुलं सांगतील ती. मग चौथीतल्या एका मुलीनं वहीतून दिनविशेष वाचला. आज आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन. आज पवित्र मारियेचा जन्मदिन. आज गायिका आशा भोसले यांचा वाढदिवस. तिन्ही एका सुरात, एका दमात. पहिलीतल्या एकानं हात वर करून विचारलं, “मारियाचं वय किती?” सिस्टर हसल्या. “आजीपेक्षा जास्त,” एवढंच म्हणाल्या. त्याचं समाधान झालेलं दिसलं.

मारियेच्या पुतळ्यापुढे मुलांनी फुलं ठेवली: झेंडू, जास्वंद, कुंपणावरची घाणेरी. गाणं सुरू झालं तेव्हा तिसरीतली एक मुलगी हात मागे बांधून, ओठ मिटून उभी होती. मला वाटलं, हिंदू किंवा मुसलमान असेल. नव्हती. तिचे आईवडील पास्टरांच्या प्रार्थनेला जातात. त्या पंथात मारियेचं गाणं म्हणत नाहीत, क्रुसाची खूणही करत नाहीत. “तिला सांगून ठेवलंय, उभी राहा, गाऊ नको,” सिस्टर म्हणाल्या. वर्गात कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत, बौद्ध, मराठा, भिल्ल, मुसलमान आहेत. बाहेरून बघणारा ‘ख्रिस्ती शाळा’ म्हणून एक शिक्का मारतो. आत आलं की ख्रिस्ती या शब्दालाच तीन-चार फाटे फुटलेले दिसतात, आणि ते आठ वर्षांच्या मुलांना पक्के ठाऊक असतात.

परिपाठ संपला की बालभारतीचं राज्य. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात, कारण शिक्षक तीन आणि वर्ग चार. बाई चौथीला पाव, अर्धा, पाऊण समजावत असतात तेव्हा तिसरीनं शुद्धलेखन करायचं. पण तिसरीचे कान चौथीकडे. “तिसरीची पोरं चौथीचं निम्मं फुकटात शिकतात,” बाई म्हणाल्या. त्या या गावच्या, घरचं देवघर भरलेलं, सव्वीस वर्षं याच शाळेत. चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज. अफझलखानाच्या पाठाला खोलीत इतकी शांतता की पाटचारीचं पाणी ऐकू यावं.

दुपारी खिचडी. माणशी शंभर ग्रॅम तांदळाचं माप शासनाचं, वाढण्याचा हात मदतनीस मावशींचा. जेवणाआधी क्रुसाची खूण करून एक छोटी प्रार्थना होते, आणि ती संपते न संपते तोच मागच्या ओळीतून कोणीतरी समर्थांचा श्लोक सुरू करतं. तोही सगळे म्हणतात. हे कोणी ठरवलं, विचारलं तर कोणालाच आठवत नव्हतं.

चिलापीचा प्रश्न

मी ज्यासाठी आले होते तो धर्मशिक्षणाचा तास बुधवारी, अर्ध्या तासाचा. घंटा झाली आणि वर्ग दुभंगला. कॅथलिक मुलं चर्चच्या ओसरीवर धाकट्या सिस्टरांकडे, बाकीची बाईंकडे मूल्यशिक्षणाला. ही फाटाफूट भावनेपोटी नाही, कायद्यापोटी आहे. राज्यघटनेचं ३० वं कलम अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्या-चालवण्याचा हक्क देतं. पण २८ वं कलम सांगतं की सरकारची मान्यता किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या, आणि मूल असेल तर पालकांच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला बसवता येणार नाही. दोन कलमांची सीमारेषा इथे वर्गाच्या उंबऱ्यावरून जाते. चप्पल घालून ओसरीवर गेलात तर धर्म, सतरंजीवर बसून राहिलात तर मूल्य.

धाकट्या सिस्टर वसईच्या. त्यांचा पगार शासनाकडून येत नाही. त्या कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्या दिवशीची गोष्ट पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची. येशूचं ऐकायला रानात पाच हजार माणसं जमली, संध्याकाळ झाली, खायला काही नाही. एका मुलाच्या शिदोरीत पाच भाकरी आणि दोन मासळ्या निघाल्या.

इथे पुढच्या ओळीतला एक मुलगा उठला. त्याच्या वडिलांची फाट्यावर खाणावळ आहे. तो म्हणाला, “सिस्टर, आमच्याकडं एका गिऱ्हाइकाला दोन भाकरी लागत्यात. म्हंजी धा हजार पायजेल.”

“बरोबर,” सिस्टर म्हणाल्या. “आणि होत्या किती?”

“पाच.”

“मग कमी किती पडल्या?”

पोरं बोटांवर आली. दहा हजारांतून पाच वजा, हातचा घ्यायचा तोही तीन-तीन शून्यांतून. सिस्टरांनी ओसरीच्या फरशीवर खडूनं गणित मांडलं. नऊ हजार नऊशे पंच्याण्णव हे उत्तर आलं तेव्हा तासातली दहा मिनिटं गेली होती आणि चमत्कार अजून व्हायचाच होता. मला आधी वाटलं, गाडी रुळावरून घसरली. मग लक्षात आलं, भाकरी किती कमी होत्या हे कळल्याशिवाय त्या पुरल्या यात नवल ते काय वाटणार?

तेवढ्यात खाणावळवाल्याचा दुसरा प्रश्न. “मासळी कुठली होती? चिलापी का?”

नगर जिल्ह्यात मासा म्हणजे धरणातला, तळ्यातला. सिस्टर समुद्राकाठच्या. त्या म्हणाल्या, “समुद्राची नव्हती एवढं नक्की. तिथं मोठं तळं होतं, गालीलचं.” घरी आल्यावर मी पाहिलं. त्या तळ्यातला सगळ्यात नावाजलेला मासा, ज्याला संत पेत्राचा मासा म्हणून तिथल्या खाणावळींत यात्रेकरूंना वाढतात, तो चिलापीच्याच कुळातला आहे. त्या शिदोरीत तोच होता असं कोणी सांगू शकणार नाही. जाणकार लहान, खारवलेल्या मासळ्यांकडे बोट दाखवतात. पण प्रश्न योग्य होता.

सगळे जेवले आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या, इथे गोष्ट संपते. खिडकीशी येऊन उभी राहिलेली दोन ‘मूल्य’वाली पोरं तोवर ऐकत होती. आत बाईंचा विषय होता ‘वाटून खाणे’. बाईंनी त्यांना आत बोलावलं नाही. मला म्हणाल्या, “गोष्ट तिकडची चांगली असते. कायदा कायद्याच्या जागी.”

माळकरी गुरुजींची पेटी

शाळेचे तिसरे शिक्षक पहिली-दुसरी सांभाळतात. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला रजा ठरलेली. गुरुवारी गाण्याच्या तासाला तेच पेटीवर बसतात. त्या आठवड्यात तालीम चालली होती ती हरेगावच्या यात्रेसाठी.

हरेगाव इथून जवळ. बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचं जुनं गाव. तिथल्या मतमाउलीची यात्रा सप्टेंबरात भरते आणि लोक कुठून कुठून पायी येतात. वांद्र्याच्या डोंगरावरच्या माउंट मेरीला मुंबईकर मोतमाउली म्हणतात, इथे आली ती मतमाउली झाली. ‘माउंट’चं मत होताना इंग्रजी झिजून गेली असावी आणि पुढे ज्ञानोबांसाठी राखलेला शब्द येऊन जुळला. खांद्यावर पताका, हातात टाळ, वाटेत पंगती. लांबून बघणाऱ्याला ही वारीच वाटेल, आणि गुरुजींना तर ती तशीच वाटते. “चाल लावायला मला काही बदलावं लागत नाही,” ते म्हणाले. “माउली म्हटलं की बोटं आपोआप तिथं जातात.”

हे काही आजचं नाही. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनं १६१६ मध्ये छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ ओवीत आहे, कारण नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना पुराण ऐकायची सवय होती. नगरकडे १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन आलं. त्याचं ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरात सुरू झालं. याच मिशनच्या मंडळींत कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरला आले आणि त्यांनी तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे जाणारे अभंग लिहिले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला हे सगळं घरचं वाटावं. कॅथलिकांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांची मुख्य उपासना १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत लॅटिनमध्ये चाले. मग ती मराठीत आली, आणि मराठीत आल्याबरोबर पेटी-तबला आपोआप आत शिरला.

शाळेचंही तेच. मिस सिंथिया फरार यांच्या नगरातल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात तशी शाळा काढावीशी वाटली, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय. त्या शाळा मराठी होत्या. मिशनरी इंग्रजी शिकवायला आले, ही आपली पक्की समजूत. पण खेड्यापाड्यांत त्यांनी पाटीवर गिरवून घेतली ती बाराखडी. ज्यांना गावच्या शाळेत उंबऱ्याबाहेर बसवत त्यांच्या पोरांना ती आत बसून गिरवता आली. गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांतले आजोबा-पणजोबा बाप्तिस्म्याला गेले त्याआधी शाळेत गेले होते, असं मला तीन घरांत सांगितलं गेलं. आधी पाटी, मग पाणी.

रकाना

शुक्रवारी मुख्याध्यापिका सिस्टरांनी जनरल रजिस्टर काढलं. जाड कापडी पुठ्ठा, कडा कुरतडलेल्या. या शाळेत धर्म कुठे राहतो असं मला कोणी विचारलं तर मी ओसरीकडे बोट दाखवणार नाही, या वहीकडे दाखवीन.

धर्म, जात, पोटजात, असे रकाने. एकाच घरातल्या तीन पिढ्या सिस्टरांनी मला नावं झाकून दाखवल्या. आजोबांपुढे ‘ख्रिश्चन’. वडिलांपुढे ‘हिंदू’ आणि जात. नातीपुढे पुन्हा ‘ख्रिश्चन’. मधल्या पिढीत कोणी धर्म सोडला नव्हता. तिघेही दर रविवारी त्याच चर्चमध्ये, बहुधा त्याच बाकावर बसलेले.

कारण १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जातींच्या सवलती त्यानं हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. महाराष्ट्रात त्यांना इतर मागासवर्गात जागा आहे, पण जातीचे चटके तर कमी झालेले नाहीत आणि शेजारच्या, त्याच आडनावाच्या बौद्ध घराला मिळतं ते त्यांना मिळत नाही. मग पहिलीत नाव घालताना बाप खालच्या आवाजात विचारतो, सिस्टर, काय लिहायचं? वर्षानुवर्षं या टेबलाशी हा प्रश्न विचारला गेलाय. सिस्टर कागद बघतात आणि कागदावर असेल ते लिहितात. “मी धर्मभगिनी आहे,” त्या म्हणाल्या, “आणि माझ्याच चर्चमधल्या पोराच्या नावापुढं दुसरा धर्म लिहिते. पाप कोणाचं, ते मी रात्री ठरवत नाही. झोप येत नाही मग.”

ख्रिश्चन लिहिलं की अल्पसंख्याक शिष्यवृत्ती मिळायची, हा एक दिलासा होता. पहिली ते आठवीची ती केंद्राची शिष्यवृत्ती २०२२ पासून बंद झाली.

एकसष्ट

त्या आठवड्यात शिक्षकांच्या तोंडी मात्र धर्म नव्हताच. दोन गोष्टी होत्या. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा निकाल आला होता: पाच वर्षांहून अधिक नोकरी उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा द्यावी लागणार, अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे. बाई सव्वीस वर्षं शिकवतायत. त्यांचा मोबाइल दर तासाला वाजत होता. कोणीतरी निकालाचा अर्थ पाठवायचं आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा.

दुसरी गोष्ट पटाची. सप्टेंबरअखेरचा पट संचमान्यतेला धरतात. शिक्षणहक्क कायद्याचा हिशेब असा की साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टाव्या मुलाला तिसरा. शाळेचा पट त्रेसष्ट. म्हणजे तीन मुलं गेली तर गुरुजी किंवा बाई यांच्यापैकी एकाची बदली दुसरीकडे, आणि दोन माणसांनी चार वर्ग हाकायचे.

मुलं जातात कुठे? त्या पाट्यांच्या शाळांत. पिवळी व्हॅन दारापर्यंत येते. पहिल्यांदा गेली ती ख्रिस्ती घरंच, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. शुक्रवारी माझ्यासमोरच एक वडील दाखला मागायला आले. टेम्पो चालवतात, चर्चच्या गायनमंडळात ढोलकी वाजवतात. मुलगी चौथीतली, दिनविशेष वाचणारी.

सिस्टर म्हणाल्या, “वर्षाच्या मधेच नेतोस? सेमी आहेच की आता आपल्याकडं, गणित इंग्रजीतून.”

“सेमी म्हणजे निम्मंच ना सिस्टर,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, पण त्यांनाच उद्देशून बोलला. “शहरात सिस्टर लोकांच्याच मोठ्या शाळा. सगळं इंग्रजी. तिथं डॉक्टर-वकिलांची पोरं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चर्चची माणसं, आम्हाला मात्र मराठी. आमचं पोर काय गाणी म्हणायलाच?”

मराठी शाळा वाचवा, असं लिहिणाऱ्यांपैकी मीही एक आहे. माझी मुलगी इंग्रजी शाळेत गेली. मी वहीत मान घालून काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. सिस्टरांनीही उत्तर दिलं नाही. त्यांनी दाखल्याचं पुस्तक काढलं, ‘शाळा सोडण्याचे कारण’ या ओळीवर पेन टेकवून क्षणभर थांबल्या आणि ‘पालकांची इच्छा’ असं लिहिलं. वर्तणूक: चांगली. धर्माच्या रकान्याशी त्याने मान हलवली, त्यांनी लिहिलं. काय, ते मी पाहिलं नाही.

तो गेल्यावर त्या म्हणाल्या, “बासष्ट.”

शनिवारी सकाळची शाळा. निम्मी मुलं यात्रेच्या घाईत, वर्ग रिकामा-रिकामा. हजेरी सुरू झाली आणि दारात ती उभी. जुनाच गणवेश, दप्तर पाठीवर. व्हॅन सोमवारपासून येणार होती आणि घरी बसून काय करायचं, म्हणून आली होती. बाईंनी आत घेतलं. तिच्या जागेवर तिसरीतला एकजण सरकून बसला होता, तो उठला.

बाईंनी हजेरीपुस्तकात बघितलं. तिच्या नावावर आदल्या दिवशीच तांबडी रेघ ओढलेली. तिचा क्रमांक नव्हताच, त्या सतरावरून एकोणीसवर गेल्या.

“हजर,” सतरा आणि एकोणीसच्या मध्ये ती म्हणाली.

बाईंनी वर बघितलं. मग कार्यालयाच्या दाराकडे बघत जरा मोठ्यानं विचारलं, “सिस्टर, पोर्टलवर अजून आपल्याकडंच आहे ना ही?”

आतून आवाज आला, “तिकडून रिक्वेस्ट येईपर्यंत आहे.”

“मग बस खाली,” बाई म्हणाल्या, “आणि वही काढ. दिनविशेष कोण वाचणार आज?”